ठकूतेलिणीचा अंगठा

आज गावात जे सर्वांत म्हातारे आहेत, त्यांच्या खापरपणजोबांनाही दुधाचे दात यायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. वेळूघळ गाव तेव्हाही असंच होतं, डोंगराने ओंजळीत धरल्यासारखं. दोन्ही अंगांना उभे कडे. वर भैरीची खिंड, खाली तुटलेला कडा. खिंडीतून ओढा यायचा, गावाच्या कडेने वाहायचा आणि खालच्या कड्यावरून उडी घ्यायचा. माणसांची येण्याजाण्याची वाटही त्याच खिंडीतून. दुसरी वाट म्हणजे खालचा कडा, आणि तो वेलींना धरून उतरायचा तर हातापायांत चांगला जोर हवा.

या गावात ठकूबाई नावाची एक तेलीण राहायची. नवरा लवकर गेला. घाणा तिनेच चालवला, लेक गौरा तिनेच वाढवली आणि तिनेच उजवली. तिच्या तेलाचं नाव पंचक्रोशीत होतं. तांब्यात ओतलं तर तळ दिसावा, इतकं ते नितळ असायचं. पण तेव्हाच्या लोकांच्या डोक्यात एक खूळ होतं. सकाळी तेलिणीचं तोंड दिसलं की दिवस वाया गेला, असं ते मानायचे. तिचं तेल देवापुढच्या दिव्यात चालायचं, ती स्वतः मात्र दारात चालायची नाही. आता याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा. ठकूबाई कोणाशी भांडली नाही. गाव उठायच्या आत ती ओढ्यावरून पाणी आणायची आणि ऊन अंगणात येईपर्यंत घराबाहेर पडायची नाही.

त्या वर्षी भाद्रपदात नऊ दिवस पाऊस कोसळत होता. दहाव्या दिवशी पहाटे तो थांबला. गौरा बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी होऊन चार दिवस झाले होते, आणि आदल्या दिवसापासून गौराच्या अंगात ताप होता. झुंजूमुंजू झालं तशी ठकूबाई घागर घेऊन निघाली. अर्ध्या वाटेत तिचे पाय थबकले. काहीतरी चुकत होतं, आणि काय ते तिला कळेना. मग कळलं. ओढ्याचा आवाजच येत नव्हता.

ती काठावर गेली. भर भाद्रपदात ओढा कोरडा पडला होता. दगड ओले होते. एका डबक्यात मासा तडफडत होता. घागर तिथेच टाकून ती पात्रातून वर चालत गेली, खिंडीपर्यंत.

खिंड नव्हतीच. उजव्या बाजूचा अख्खा डोंगर खाली येऊन बसला होता. माती, धोंडे, मुळांसकट उभी झाडं. ती कशीबशी त्या ढिगाऱ्यावर चढली आणि तिने पलीकडे पाहिलं. लाल, गढूळ, गप्प पाणी नजर पोचेल तिथवर पसरलं होतं. आंब्याचे शेंडे तेवढे वर दिसत होते. ढिगाऱ्याच्या पायाशी मातीतून बारीक बारीक पाणी पाझरत होतं. अख्खा ओढा त्या मातीमागे अडून बसला होता, आणि मातीच्या खाली गाव होतं.

ठकूबाई पळत सुटली. गाव नुकतंच जागं होत होतं, म्हणजे जेव्हा तिने दिसू नये नेमकी तीच वेळ. तिने पाटलाच्या वाड्याची कडी वाजवली. दार पाटलाच्या आईने उघडलं, दुरपदाबाईने. म्हातारीने समोर कोण आहे ते पाहिलं, तोंड फिरवलं आणि दार लावून घेतलं.

तेव्हा ठकूबाई बंद दाराशी ओरडली, ‘‘माझं तोंड नगा बघू! पाठ करा, पर ऐका! खिंडीत डोंगर बसलाय, वढा तुंबलाय, समदं पानी आपल्या डोसक्यावर हाय!’’

असं म्हणतात, की ते ओरडणं खालच्या कड्यापर्यंत ऐकू गेलं.

गाव खिंडीत जमलं. वरची वाट बुजली होती. ज्यांच्या पायांत बळ होतं ते खालच्या कड्याकडे धावले. वेली धरून काहीजण उतरलेही. पण म्हाताऱ्यांनी काय करायचं? आजाऱ्यांनी? चार दिवसांची बाळंतीण, अंगात ताप, कुशीत पोर, ती त्या कड्यावरून कशी उतरणार? गौरा उतरणार नव्हती, म्हणून ठकूबाईही जाणार नव्हती. घरोघरी असं कोणी ना कोणी होतंच, आणि त्यामुळे निम्मं गाव मागे राहिलं.

पाटील म्हणाला, ‘‘बांध तुंबला की आपण काय करतो? चर मारतो. आनि काय!’’

‘‘नगा, पाटील,’’ ठकूबाई म्हणाली. ‘‘शेताचा बांध बसलेला असतो. ही माती अजून बसली न्हाई. चर मारलात तर चर ऱ्हानार न्हाई, समदंच जाईल.’’

तेलिणीचं कोण ऐकतो! दहाजणांनी कुदळी घातल्या. वीतभर खणलं असेल नसेल, तोच पायाखालची माती हलली. दोन हात रुंद लचका सुटून घरंगळत खाली गेला. एक माणूस छातीपर्यंत गाडला गेला. ढिगाऱ्याच्या पोटातून हुंकारासारखा आवाज आला, आणि सगळे जागच्या जागी थिजले. त्या माणसाला ओढून काढलं. हाताला येईल तो धोंडा, येईल ती फांदी त्या खड्ड्यात कोंबली. माती टिकली ते नशीब म्हणायचं. पाणी माथ्यापासून दीड हात खाली होतं, आणि चढत होतं. दुरपदाबाईला डोलीत बसवून वर आणलं होतं. तिने पाण्याच्या कडेला काठी रोवली, तिच्यावर काजळाच्या खुणा केल्या आणि ती तिथेच राखणीला बसली.

ठकूबाई लेकीला बघायला घरी आली. गौराने डोळे उघडले.

‘‘आये, वढा का गप हाय आज?’’

‘‘पाऊस थांबलाय न्हवं, म्हनून,’’ ठकूबाई म्हणाली. लेकीशी ती आजवर खोटं बोलली नव्हती. हातांना काही काम हवं म्हणून ती पोरीला चोळायला तेल काढायला बसली.

तिची तेल काढायची रीत अशी. घाण्याचं तेल रांजणात दोन-दोन दिवस निवळत ठेवायचं. गाळ तळाला बसतो. मग रांजण हलवायचा नाही, कलंडायचा नाही, पळीसुद्धा बुडवायची नाही, नाहीतर गाळ उठतो. भोपळ्याच्या पानाचा लांब देठ घ्यायचा. तो आतून पोकळ असतो, तुम्ही त्याच्या पिपाण्या करताच की. तो तेलात बुडवून पुरता भरायचा, एका टोकावर अंगठा दाबायचा, ते टोक रांजणाच्या काठावरून बाहेर काढून खालच्या वाटीत धरायचं आणि अंगठा सोडायचा. तेल आपणहून देठातून वर चढतं, काठ ओलांडतं आणि वाटीत उतरतं. त्याला हात लावावा लागत नाही, आणि गाळाला पत्ताही लागत नाही.

हे तिने हजारदा केलं होतं. आज मात्र अंगठा सोडला आणि ती नुसती बघतच राहिली. वाटी भरली. तेल वाटीबाहेर आलं, जमिनीवर पसरलं.

‘‘आये, त्याल सांडतंय!’’ गौरा म्हणाली. आईच्या हातून थेंब सांडलेला तिने जन्मात पाहिला नव्हता.

‘‘सांडू दे,’’ ठकूबाई म्हणाली, आणि देठ घेऊन तशीच धावली.

खिंडीत तिने सगळ्यांसमोर एक भरलेली घागर धोंड्यावर ठेवली, रिकामी घागर खाली ठेवली आणि देठ लावला. पाणी घागरीच्या काठावरून चढून खाली पडू लागलं. वरची घागर कोणी हलवली नव्हती, तिला भोकही पाडलं नव्हतं. कोणी म्हणालं भुताटकी. कोणी दोन पावलं मागे सरलं.

‘‘कसली भुताटकी?’’ ठकूबाई म्हणाली. ‘‘मोटेचा नाडा चाकावर टाका. एक बाजू आखूड, एक लांब. नाडा कुनीकडं घसरंल?’’

‘‘लांब बाजूकडं,’’ भिवा बुरूड म्हणाला. गावाच्या टोपल्या, सुपं, कणग्या तोच विणायचा. ‘‘तिकडं वजन जास्ती.’’

‘‘हां. तसंच हे. भाईरची बाजू लांब, तिच्यातलं पानी जड. ते खाली पडतं नि मागच्याला वढतं.’’

‘‘पर नाडा आखंड असतो, ठकूबाय. पानी मधी तुटत का न्हाई?’’

‘‘वारा तुटू देत न्हाई. घागरीतल्या पान्यावर वारा बसलाय. दिसत न्हाई, पर त्यालाबी भार हाय. तो दाबतो. देठात वाऱ्याला जागाच ठिवली न्हाई, म्हनून तो भार पान्याला देठात वर रेटतो. हितनं रेटा, तितनं वढ. देठात वारा शिरला की खेळ संपला.’’ आणि तिने तीन बोटं वर केली. ‘‘पोट भरल्यालं, डोळा मिटल्याला, तोंड खाली. म्हंजी नळी पुरती भरल्याली हवी, तिला कुठं भोक नसावं, आनि भाईरचं तोंड आतल्या पान्याच्या खाली असावं. मातीला हात न लावता पानी मातीवरनं न्यायचं.’’

पाटलाने भिवाला कळक तोडायला धाडलं. काठीवरची आणखी एक काजळाची खूण बुडाली होती.

मग जे काम झालं तसं त्या गावात पुन्हा कधी झालं नाही, असं म्हणतात. भिवाने बांबूच्या बेटातले सात नळ्यांना पुरतील एवढे थोराड कळक तोडले, मांडीएवढे जाड. घाण्याची पहार लाल तापवून आतल्या गाठी जाळून काढल्या. एक कळक आत पाण्यात उतरता, एक माथ्यावर आडवा, आणि बाहेरून एकापुढे एक जोडलेले, खाली उजव्या कातळापर्यंत. पाणी मातीवर पडलं तर माती खाईल, म्हणून ते कातळावरच पडलं पाहिजे, असं ठकूबाईने बजावलं होतं. वाकायच्या जागी मोटांच्या चामड्याच्या सोंडा कापून चढवल्या, त्या आत चिमटू नयेत म्हणून वेताची कडी घातली आणि सांध्यांवर लाख आणि मेण थापलं. सगळे हळू बोलत होते, हळू चालत होते. वरून एखादा खडा जरी घरंगळला तरी हातातलं काम टाकून सगळे वरच्या डोंगराकडे बघायचे. दुरपदाबाई मधूनमधून काठीकडे बघून सांगायची, ‘‘एक वीत. वीतभर ऱ्हायलं.’’ मग म्हणाली, ‘‘चार बोटं.’’

पहिली नळी तयार झाली. दोन्ही तोंडं बोळ्यांनी बंद केली. बायांनी घागरी घागरी पाणी माथ्यावरच्या सांध्यातून ओतलं, नळी काठोकाठ भरली, आणि सांधा आवळून बांधला. ठकूबाईने हात वर केला. दोन्ही बोळे एकदम ओढले.

नळीने एक मोठा घोट घेतला. कातळावर पाणी आदळलं, आणि थांबलं. आत काहीतरी खळखळलं, नळीतलं पाणी दोन्हीकडे उतरून गेलं.

लोकांनी हाय खाल्ली. कोणी रडू लागलं, कोणी म्हणालं, तेलिणीचं तोंड बघून काम काढलं, होणार काय दुसरं! ठकूबाईने बोटं मोजली. पोट भरलं होतं. तोंड खाली होतं. राहिला डोळा. नळी तिने पुन्हा भरायला लावली, पुन्हा सोडली, आणि या वेळी कान माथ्याच्या कळकाला लावून ऐकलं. सूंऽऽ असा बारीक आवाज येत होता. तिने हात फिरवला. आडव्या कळकाच्या पाठीवर, नेमकं मध्ये, बोरीच्या बीएवढं भोक होतं.

तिने भिवाकडे पाहिलं. भिवाचा चेहरा उतरला.

त्या गावच्या बुरडांची एक चाल होती. बांबूत जीव असतो, तो कोंडला तर गुदमरतो आणि घरादाराला त्रास देतो, असं ते मानायचे. म्हणून घडवलेल्या प्रत्येक वस्तूत एक बारीक भोक ठेवायचे, बांबूला श्वास घ्यायला. त्याला ते डोळाच म्हणायचे. भिवाने सातही आडव्या कळकांना डोळे पाडले होते, सवयीने, काही विचार न करता. आणि भोक वरच्या अंगाला, त्यामुळे नळी भरताना थेंब गळला नाही, कोणाला कळलंही नाही.

‘‘माझ्या हातानं गाव बुडवलं म्या,’’ भिवा म्हणाला आणि मटकन खाली बसला.

‘‘उठ. नळी भर,’’ ठकूबाई म्हणाली. नळी भरली. तिने डोळ्यावर अंगठा दाबला. बोळे ओढले. आतून अंगठ्याला अशी ओढ बसली, की जणू आत कोणीतरी तो चोखत आहे. पण कातळावर पाणी पडलं ते पडतच राहिलं.

साती नळ्या उभ्या राहिल्या. सात डोळ्यांवर सात अंगठे. एकावर भिवाचा, एकावर पाटलाचा. एकावर दुरपदाबाईने आपला वाळलेला अंगठा ठेवला. ओल्या कळकावर लाख धरत नव्हती. तो वरून वाळायला ऊन हवं होतं, आणि ते दुसऱ्या दिवशी पडलं. अंगठा जरा सरकवायचा आणि लगोलग लाखेची गोळी दाबायची, असा एकेक डोळा बुजला, एकेक अंगठा मोकळा झाला. मधली नळी तेवढी राहिली. तिच्या डोळ्यातूनच कळकाला बारीक चीर गेली होती. लाख लावली की आत ओढली जायची. तिथे माणसाच्या कातड्याशिवाय काही टिकत नव्हतं, आणि तिथे ठकूबाई बसली होती.

दुसऱ्याने बसावं म्हटलं, तर बदलताना चिरेतून वारा शिरणार, नळी तुटणार, आणि ती भरायला त्या कच्च्या मातीवर पुन्हा सगळ्यांची धावपळ होणार. आणि वरून ओढा तर येतच होता. सहा नळ्या त्याला जेमतेम पुरत होत्या. पाणी खाली जात होतं ते सातवीमुळे.

त्याच दिवशी दुपारी वरचा डोंगर पुन्हा सुटला. भला मोठा लचका पलीकडे पाण्यात पडला आणि लाट उठली. सगळे ओरडत पळाले. ठकूबाई पळाली नाही. लाट तिच्या छातीवर आदळली, केसांतून गेली, नळ्या गदगदा हलल्या. तिला भीती वाटली नाही असं कोणी सांगितलं तर ते खोटं माना. डोळ्यांसमोर फक्त घराचं दार होतं आणि दाराच्या आत लेक. ‘पोट भरल्यालं, डोळा मिटल्याला, तोंड खाली,’ एवढंच ती पुटपुटत होती. लाट ओसरली, लोक परत आले, तेव्हा अंगठा होता तिथेच होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी, उजाडता उजाडता, दुरपदाबाई भाकरीचा कुस्करा घेऊन तिच्यासमोर येऊन बसली. समोरासमोर. तिने ठकूबाईच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि एक घास भरवला.

‘‘ठके, आज सकाळच्या पारी पैलं त्वांड तुझंच बघितलं म्या,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘दिवस चांगला गेला तर समद्या गावाला सांगीन.’’

ठकूबाई हसली. दुसरा घास गिळायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

तो दिवस चांगला गेला. पाणी उतरत गेलं, आंब्यांची खोडं दिसली, मग मुळं. पायाशी पाझरणारी माती सुकली. उन्हं कलली तेव्हा नळ्यांनी एकेक करून वारा गिळला आणि त्या गप्प झाल्या. मातीमागे उरलं होतं ते गुडघाभर पाणी. लोकांनी कातळाच्या कडेने ओढ्याला वाट करून दिली. ओढा पुन्हा बोलायला लागला.

घरात गौराचा ताप उतरला होता. तिने ओढा ऐकला आणि ती उठली. बाराव्याच्या आत बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नसतो. तिने ओलांडला. पोरीला पदरात घेऊन, भिंतींना धरत, थांबत थांबत ती खिंडीत आली.

‘‘आये, सोड आता. पानी गेलं.’’

ठकूबाईने सोडलं नाही. गौराने खांद्याला हात लावला, आणि तिला कळलं.

असं म्हणतात, की ठकूबाई दुपारीच गेली होती. आणि मधली नळी संध्याकाळपर्यंत वाहत होती.

चार माणसांनी तो अंगठा काढायचा प्रयत्न केला, तो निघाला नाही. गौरा आईशेजारी बसली आणि हुंदके देऊन रडली. रडता रडता पोरीची चिमुकली मूठ आजीच्या हाताला लागली. अंगठा आपोआप सुटला. असं म्हणतात. मी तिथे नव्हतो. पण त्या गावातलं कोणी हे सांगताना हसत नाही.

भिवाच्या घरचे बुरूड आजही टोपलीला, सुपाला डोळा ठेवतात. पाण्याच्या नळीला मात्र ठेवत नाहीत. खिंडीत एक धोंडा आहे, त्यावर अंगठ्याएवढी खळगी आहे. भाद्रपदात त्या दिवशी सगळं गाव सूर्य उगवायच्या आत तिथे जातं, आणि जो तो अंगठा तेलात बुडवून त्या खळगीवर दाबतो. मग पोरं दोन घागरी मांडतात, भोपळ्याचा देठ लावतात आणि ओरडतात, ‘‘पोट भरल्यालं! डोळा मिटल्याला! तोंड खाली!’’ पाणी काठ ओलांडून उतरेपर्यंत कोणी घरी परतत नाही.

आणि दुरपदाबाईने शब्द पाळला. वेळूघळातून आजही कोणी परगावी निघालं, कोणाचं लग्नाचं वऱ्हाड निघालं, कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं, तरी आधी सगळे गावात त्या वेळी जी तेलीण असेल तिच्या दारापुढे थांबतात. कडी वाजवतात. ती दार उघडून बाहेर येते, तिचं तोंड बघतात, आणि मगच निघतात.